तुटीची नोंद

रहिमतपूर,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. ताईस,

तुझे पत्र परवा पोचले. लोहकीस २ ग्रॅम, नवसागर २ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम आणि वाळू ३ ग्रॅम अशा १० ग्रॅम मिश्रणाचे घटक तू वेगळे केलेस, शेवटी ते अनुक्रमे १.९, १.६, २.८ आणि ३.२ ग्रॅम भरले, बेरीज ९.५ आली, आणि आता वहीत हेच आकडे लिहावेत की वर्गातील इतरांप्रमाणे मूळच्या वजनांशी जुळवून घ्यावेत, असे तू विचारतेस. जे भरले तेच लिही, एवढे उत्तर खरोखर पुरे आहे. परंतु ज्या प्रश्नाने तुला दोन दिवस झोप लागू दिली नाही, त्याला सविस्तर उत्तर द्यावे असे मला मनापासून वाटते.

प्रथम योजनेविषयी. मिश्रणातील पदार्थ एकमेकांना खेटून बसलेले असले, तरी त्यांनी आपापले गुणधर्म सोडलेले नसतात. म्हणून इतर तिघांत नाही असा कोणता गुण प्रत्येकाच्या अंगी आहे, हे आधी कागदावर मांडावे, आणि त्या गुणाच्या आधाराने एकेकाला बाहेर काढण्याचा क्रम ठरवावा. लोखंडाला चुंबक ओढतो. नवसागर तापवला असता न वितळता धुराच्या रूपाने उडतो आणि उपड्या नरसाळ्याच्या थंड अंगावर पांढरा थर होऊन बसतो. मीठ पाण्यात विरघळते. वाळू यांपैकी काहीच करत नाही. पण पाणी आधी ओतलेस, तर साध्या तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात मीठ सुमारे ३६ ग्रॅम विरघळते आणि नवसागरही जवळजवळ तितकाच विरघळतो, म्हणजे ज्यांची फारकत करावयाची ते दोघे एकाच गाळीव द्रवात उतरतात, आणि भिजलेला लोहकीस वाळूला चिकटून गंजू लागतो तो निराळाच. म्हणून कागदात गुंडाळलेला चुंबक पहिला, उष्णता दुसरी, पाणी व गाळणकागद तिसरे, आणि आटवणे शेवटचे. योजनेत प्रत्येक कृतीपुढे ‘हे आत्ताच का’ याचे उत्तर लिहिलेले असले, म्हणजे क्रम पाठ करावा लागत नाही.

आपल्या शिवारात सध्या गुऱ्हाळे सुरू आहेत, तेथे हीच विद्या तुला पाहता येईल. गाळलेला रस काहिलीत पडतो, त्यात रानभेंडीचे चिकट पाणी व बेताचा चुना घालतात, आच लागू लागली की त्या चिकट द्रव्यात अडकलेली घाण मळीच्या रूपाने वर येते, आणि ती काढून टाकल्यावाचून गुळव्या जाळ मोठा करू देत नाही. कारण रस एकदा खळखळून उकळला, की वर आलेली मळी पुन्हा त्यातच कालवली जाते. गुळव्याने रसायनशास्त्र वाचलेले नसेल, पण आधी काय आणि नंतर काय याचे कारण त्याला पुरते ठाऊक असते.

आता लेखनाविषयी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान ही पाच कलमे सर्वांच्या वहीत असतात. परंतु पुस्तक विध्यर्थात बोलते, ‘मिश्रण तापवावे’, ‘द्रव गाळून घ्यावा’, आणि मुले तेच विध्यर्थी वाक्य वहीत उतरवतात. तू भूतकाळात लिही : मिश्रण तापवले, धूर येऊ लागला, नरसाळ्याच्या नळीतील कापसाचा बोळा सैल होता म्हणून काही धूर बाहेर गेला. विध्यर्थातील वाक्य कोणालाही लिहिता येते. भूतकाळातील वाक्य मात्र ज्याने ते केले व पाहिले त्याचीच जबानी असते.

आता आकड्यांविषयी. आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याची कबर व मशीद आपल्या गावात आहेत, आणि अशा राजवटींच्या दप्तरांतून जमा, खर्च, तपशील, नक्कल हे शब्द आपल्या बोलीत मुरले आहेत. त्या दप्तरी शिस्तीने तुझा हिशेब पाहू. वाळूच्या खात्यात ०.२ ग्रॅमची वाढ आहे आणि मिठाच्या खात्यात तेवढीच तूट आहे. गाळणकागदावरील वाळू पुरती धुतली गेली नसेल, तर मीठ वाळूच्या नावे पडले असेल. किंवा वाळू ओलसरच तोलली गेली असेल. ती पुन्हा धुऊन ते पाणी काचेवर आटव. पांढरा डाग उरला, तर मीठ सापडले. नवसागराच्या खात्यातील ०.४ ग्रॅम तूट धुरात गेली असेल, किंवा अर्धवट तापल्यामुळे थोडा नवसागर मागे राहून मिठात मिसळला असेल; त्या मिठात ओलसर चुना कालवून किंचित ऊब दे, आणि हाताने वारा घालून दुरूनच वास घे. अमोनियाचा उग्र दर्प आला, तर शंका फिटली. एका खात्याची वाढ दुसऱ्याची तूट झाकू शकते, म्हणून नुसती बेरीज जुळणे ही हिशेब खरा असल्याची खूण नव्हे.

हे मी अनुभवाने सांगतो. तुझ्या वयाचा असताना, आटत आलेले मीठ तडतडून माझ्या बाष्पनपात्राबाहेर उडाले आणि आत जेमतेम निम्मे राहिले. वरच्या इयत्तेतील एका मुलाची वही मागून आणून मी तिच्यातला आकडा उतरवला, त्याखाली गुरुजींची सही झाली, आणि मीठ का उडाले हा प्रश्न त्या सहीखाली कायमचा दबला. पाणी संपत आले की आच मंद करावी, किंवा पात्र वाफेवर ठेवावे, ही साधी गोष्ट, खरे लिहिले असते तर त्याच दिवशी शिकलो असतो. ती शिकण्यास मला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

याउलट एका खऱ्या नोंदीचे काय झाले ते ऐक. हवा हे मिश्रणच आहे. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने हवेतील नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी ऑक्सिजनशी संयोग करवून काढून टाकला, तेव्हा कशानेही न जाणारा एक बारीकसा बुडबुडा शेवटी उरला. मूळ नायट्रोजनाच्या १/१२० हिश्श्याहून अधिक नसलेला तो बुडबुडा ‘क्षुल्लक’ म्हणून त्याला गाळता आला असता. त्याने तो लिहून ठेवला. पुढे लॉर्ड रॅले यास हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन अमोनियापासून मिळवलेल्या नायट्रोजनाहून हजार भागांत सुमारे एक भाग जड आढळला. त्यानेही आकडे जुळवले नाहीत, उलट १८९२ साली ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून ही विसंगती जाहीर केली आणि कारण सुचवण्याची वाचकांना विनंती केली. त्या शोधात कॅव्हेंडिशचा निबंध पुन्हा उघडला गेला, आणि १८९४ साली रॅले व विल्यम रॅम्से यांनी हवेतील अरगॉन हा नवा वायू उजेडात आणला. न जुळणारी एक नोंद शंभराहून अधिक वर्षे कागदावर वाट पाहत राहिली, आणि ती खरी होती म्हणूनच उपयोगी पडली.

तुझ्या न जुळणाऱ्या आकड्यांतून नवा वायू निघणार नाही. सैल बोळा आणि अर्धवट धुतलेली वाळू निघेल. पण तीही तुझ्याच हातांविषयीची खरी माहिती आहे, आणि पुढच्या खेपेस योजना सुधारण्यास दुसरा आधार नाही. म्हणून चारही आकडे जसेच्या तसे मांड, बेरीज ९.५ लिही, खाली ‘तूट ०.५ ग्रॅम’ असे स्वतंत्र कलम घाल, आणि त्यापुढे चार ओळी मोकळ्या ठेव. वाळू पुन्हा धुतल्यावर आणि मिठात चुना कालवून वास घेतल्यावर त्या भर, आणि काय निघाले ते मला अवश्य कळव.

तुझे,
आजोबा