बोटाला लागलेला आंबा

माझी आई ८१ वर्षांची. मधुमेह जडून तिला २२ वर्षे झाली. गेली सहा वर्षे इन्सुलिन चालू आहे. रोज सकाळी चहापूर्वी घरच्या ग्लुकोमीटरवर तिची साखर तपासून वहीत लिहिणे, हे काम माझ्याकडे असते. आकडा बहुधा १३० ते १५० च्या दरम्यान येतो. गेल्या मे महिन्यात एका सकाळी यंत्राने २७४ दाखवले.

“रात्री काय खाल्लंस?” माझा स्वर नकळत चढला.

“काही नाही रे,” ती म्हणाली.

माझा विश्वास बसला नाही. कोकणातले घर, आंब्याचे दिवस, आणि हापूस तिच्या जिवाभावाचा. मी आणखी चार शब्द बोललो. ती गप्प राहिली. इन्सुलिनची मात्रा वाढवावी का, हे विचारण्यासाठी मी डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी एवढेच सांगितले, “आधी त्यांचे हात धुवा, नीट कोरडे करा आणि पुन्हा तपासा.”

साबणाने हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटातून रक्त घेतले. आकडा आला १४३!

उलगडा लगेच झाला. पहाटे उठून आई साठांसाठी आंबे पिळीत बसली होती. एक फोडही तिने तोंडात टाकली नव्हती. हात मात्र नुसते पदराला पुसले होते. यंत्राला लागणारा रक्ताचा थेंब इवलासा. त्यात बोटावरच्या रसाचा अंश मिसळला तरी आकडा चढतो. मी स्वतःच्या विचाराने इन्सुलिन वाढवले असते तर साखर एकाएकी उतरून ती भोवळ येऊन पडली असती. या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

त्यानंतर मी यंत्राचीच परीक्षा घ्यायचे ठरवले. प्रथम पट्ट्यांची डबी पाहिली. मुदत शिल्लक होती, पण डबी चुलीशेजारच्या फळीवर, झाकण अर्धवट लावलेले. उष्णता आणि दमट हवा यांनी पट्ट्या बिघडतात. ती डबी टाकून नवी आणली आणि कपाटात ठेवली. मग त्याच यंत्रासाठीचे तपासणी-द्रावण घेऊन रक्ताऐवजी त्याचा थेंब पट्टीला लावला. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला. म्हणजे यंत्र आणि पट्टी यांचे जुळत होते.

शेवटची कसोटी प्रयोगशाळेची. आईला उपाशीपोटी नेले, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तातील साखर शिरेतल्या रक्तापेक्षा अधिक असते आणि तुलना फसते. शिरेतून रक्त घेताच लगेच बोटातील ताज्या थेंबाची तपासणी आमच्या यंत्रावर केली. यंत्र म्हणाले १५२. प्रयोगशाळेचा आकडा १३९. मला तेरांचा फरक खटकला. डॉक्टरांनी समजावले, की दोन्ही आकडे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षाच नसते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० किंवा अधिक असताना शंभरपैकी किमान ९५ वेळा फरक १५ टक्क्यांच्या आत असावा. १०० च्या खाली तो १५ मिलिग्रॅमच्या आत असावा. आमचा फरक दहा टक्क्यांहूनही कमी होता. आईचे हिमोग्लोबिनही त्यांनी तपासून घेतले, कारण रक्त कमी असल्यास बऱ्याच यंत्रांवर साखर प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते.

यंत्र निर्दोष ठरले. चुकलो होतो मी. आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि आईच्या शब्दावर ठेवला नाही. त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसून म्हणालो, “आई, माझं चुकलं.”

ती हसली. “पुढच्या वेळी आधी हात धुवायला सांग, मग रागव.”

वहीतला २७४ हा आकडा मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे फक्त ‘हात न धुता’ असे लिहून ठेवले आहे. रोज सकाळी वही उघडण्यापूर्वी आता आम्ही दोघेही मोरीवर जाऊन हात धुतो.