सिमेंटच्या गावात आण्णा

कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळांची एका दिवसाची सहल ठरलेली असते. अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा, वेळ उरला तर पन्हाळा, आणि कणेरी मठ. पहाटे शाळेच्या पटांगणात एसटी, खिशात लिंबाची गोळी, उलटीसाठी पिशवी, डब्यात चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी. मुलांना कणेरीत हवा असतो आरशांचा भुलभुलैया. सरांना हवं असतं म्युझियम, कारण परत आल्यावर त्यावर निबंध लिहून घेता येतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: करवीर तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडं आत काडसिद्धेश्वरांचा जुना मठ आहे, महादेवाचं देऊळ आहे. त्याच आवारात २००७ साली सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय सुरू झालं. सिमेंटचं अख्खं गाव. मोट ओढणारे बैल, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, वासुदेव, झाडाखाली दाढी करणारा न्हावी, सगळे माणसाच्या मापाचे. काम इतकं बारीक आहे की हाताच्या शिरा दिसतात. ज्यांनी हे घडवलं त्यांना मी मनापासून मानतो.

पण शाळा तिथं जाते त्या क्रमाची एक गंमत आहे. आधी मठ. चप्पल काढायची, रांग धरायची, पिंडीसमोर डोकं टेकायचं. मग तशाच खालच्या आवाजात पोरं म्युझियममध्ये शिरतात. आत चरक, सुश्रुत वगैरे ऋषींचे पुतळे दिसले की काहीजण तिथंही हात जोडतात. पुढं गाव लागेपर्यंत ते हात सुटलेले नसतात. देवळात जसं कुणी विचारत नाही की देव इथंच का बसलाय, तसं गावातही कुणी विचारत नाही की हा माणूस झाडाखालीच का बसलाय.

मी सातवीत गेलो होतो. न्ह्याव्याच्या पुतळ्यापाशी मागून आवाज आला, "ए, तुझा आज्जा बघ!" सगळी फिस्सकन हसली. सर पुढं सांगत होते, बारा बलुतेदारांमुळं गाव स्वयंपूर्ण होतं. मी वहीत लिहिलं, 'स्वयंपूर्ण'. आमच्यातला एक जण हसला नाही. तो गुपचूप पुढं मोटेपाशी जाऊन उभा राहिला.

माझे आजोबा, आण्णा, खरोखरच बलुत्यावर दाढ्या करायचे. त्यांची धोकटी अजून आमच्या माळ्यावर आहे, आत दोन वस्तरे आणि एक पितळी वाटी. काही वर्षांनी कोल्हापूरला त्यांचे डोळे दाखवून परत येताना मी त्यांना कणेरीला नेलं. खरं सांगायचं तर फोटो काढायचे होते. आण्णा आणि त्यांचा पुतळा शेजारी शेजारी, फ्रेम मस्त जमली असती.

आण्णा पुतळ्याला वळसा घालून आले. हात कसा धरलाय ते वाकून बघितलं. म्हणाले, "केलंय झ्याक." मग ओट्यावर टेकले आणि सुगीचं बोलायला लागले. वर्षभर घरोघरी फिरून दाढ्या करायच्या, पैसे नाहीत. खळं पडलं की पोतं घेऊन जायचं आणि थांबायचं. "कुणी लगीच घालायचं, कुणी सांजपतूर बसवून ठेवायचं. दाण्यासाठी न्हवं रं. बसीवलंय हे गावाला दिसाय पायजे म्हणून." लग्नातही न्हाव्याला कामं असायचीच, सांगावा पोचवण्यापासून नवरदेवाच्या मागं उभं राहण्यापर्यंत.

मी विचारलं, "आण्णा, सगळ्या गावाच्या दाढ्या करायचा तुम्ही?"

"सगळ्या म्हंजे?"

"म्हणजे, महारवाड्यातल्या?"

ते बराच वेळ पुतळ्याकडं बघत राहिले. "न्हाई. त्यांची ते आपापली करायची."

"का?"

"गावानं बलुतं बंद केलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "आन् मलाबी तवा वंगाळ वाटलं न्हाई. खोटं कशाला बोलू."

फोटो राहूनच गेला.

मला सातवीतला तो न हसलेला मुलगा आठवला. तो कुठल्या वस्तीतून यायचा ते आठवलं. माझ्या आज्ज्यावरून वर्ग हसला होता, आणि त्याच आज्ज्यानं त्याच्या आज्ज्याच्या गालाला हात लावला नसता. मला जे टोचलं होतं त्याच्याही खाली एक पायरी होती, आणि त्या पायरीवर आमच्याच घराचा पाय होता.

हे काही मला लागलेले शोध नव्हेत. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं, त्यात बलुत्याची देवाणघेवाण तपशिलानं आहे. महार वतन मोडावं म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला नावच 'बलुतं' दिलं. म्हणजे तो शब्द आमच्या वहीत सरळसाधा, छान होऊन उतरला, तेव्हा त्यामागं एवढं सगळं छापून झालेलं होतं. शाळेच्या ग्रंथालयातही यातलं एखादं असेल, कुलूपबंद कपाटात.

म्युझियम बंद करा, सहली नेऊ नका, असलं काही मला म्हणायचं नाही. उलट मोट कशी चालायची हे मी तिथंच पाहिलं, आणि आण्णांनी तोंड उघडलं तेही त्या पुतळ्यामुळंच. घरी कधी बोलले नव्हते. पण पुतळा दाढी करताना दाखवता येतो, न केलेली दाढी कशी दाखवणार? ती सांगायला माणूस लागतो, आणि चाळीस पोरांना पाऊण तासात हाकत नेताना तो कुठून आणणार? एखाद्या शाळेनं सहलीच्या बसमध्ये दोन म्हाताऱ्यांना फुकट बसवून न्यावं. वेगवेगळ्या आळीतले दोन. भांडतील कदाचित. भांडू देत.

आण्णा आता नाहीत. माझ्या पुतणीची सहल डिसेंबरात कणेरीला चाललीय, संमतीपत्रावर मीच सही केली. तिला म्हटलं, न्हाव्यापाशी गेलीस की सरांना विचार, हा कुणाकुणाची दाढी करायचा नाही?

ती म्हणाली, "काका, आणि सरांनाच माहीत नसलं तर?"

मग मी माळ्यावरून धोकटी काढली आणि तिला शेजारी बसवलं.