आक्काची गोळी

आमची आक्का धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या एका शाळेत पोषण आहार शिजवते. पंधरा वर्षे चुलीपुढे उभी. पोटरीच्या नसा दोरीच्या गाठींसारख्या फुगलेल्या. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खड्डा पडायचा. पुढे घोट्याच्या आतल्या अंगाला जखम झाली, ती काही भरेना.

कोणी सांगितले म्हणून तिने डायोस्मिन-हेस्पेरिडिनची गोळी सुरू केली. "संत्र्यापासून केलेली आहे, अपाय नाही," एवढे ऐकले की आपल्या माणसांचा विश्वास बसतो. चार महिने तिच्या तुटपुंज्या मानधनातून गोळीचे पैसे गेले आणि ती आणून देणारे आम्हीच होतो. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, दुसऱ्याचा हिशेब तपासणारे; या गोळीचा हिशेब मात्र विचारला नाही.

उशिरा विचारला. हेस्पेरिडिन संत्रा-मोसंबीच्या सालीतून काढतात आणि त्यापासून कारखान्यात डायोस्मिन बनवतात. 500 मिलिग्रॅमच्या नेहमीच्या गोळीत 450 डायोस्मिन असते. (मग जालन्याची मोसंबीच खाते, आक्का म्हणाली. खा म्हटले, पण तिने नसा उतरणार नाहीत.) कॉक्रेन या संस्थेने 2020 साली अशा शिरांवरच्या औषधांच्या 69 चाचण्या तपासल्या. त्यातल्या 56 चाचण्यांचे, 7,690 रुग्णांचे आकडे हिशेबात घेता आले. पायाची सूज थोडी उतरते, हे बऱ्यापैकी खरे निघाले. जखम भरण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही, आणि पोटाच्या तक्रारी थोड्या वाढल्या. म्हणजे गोळी खोटी नव्हे. आम्हीच तिच्याकडून भलते काम मागत होतो.

शीर लाल, गरम, हाताला ताठ लागली तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे आत रक्ताची गुठळी असू शकते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 3,002 रुग्णांच्या चाचणीत अशा पायांना फोंडापॅरिनक्स हे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन 45 दिवस दिले, तेव्हा गुठळी वाढण्याचे किंवा आत सरकण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. एकच पाय अचानक सुजला, धाप लागली, तर भगिनींनो, दुकानाकडे नव्हे, सरळ दवाखान्याकडे जा.

आक्काला आम्ही सोलापूरला नेले. सोनोग्राफीत गुठळी नव्हती. धमन्यांतला रक्तप्रवाह ठीक आहे हे पाहूनच डॉक्टरांनी पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली. धमन्या अरुंद असतील तर तीच पट्टी घात करते. रात्री पायाखाली उशी. पट्टीने उकडते म्हणून ती कुरकुरते, आम्ही रागावतो. आता जखम रुपयाएवढी उरली आहे. सूज उतरते म्हणून गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांनी तिच्यावरच सोडले. तिने ते पैसे दुसऱ्या पट्टीला लावले.

तांदूळ निवडायला, भाजी चिरायला तिला बसायला एक उंच स्टूल मिळावे, असा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. दोन स्मरणपत्रेही झाली.