मुदत वाढवायची कोणी?

डेट्रॉईट आणि भोवतालच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी माणसाला बेकारभत्ता हा बहुधा दुसऱ्यांचा प्रश्न वाटतो. एच-1बी व्हिसावरच्या इंजिनिअरची नोकरी गेली की त्याच्या हातात जेमतेम 60 दिवस उरतात. कंपनीने त्याच्या पगारावर बेकारी विम्याचा कर भरलेला असतो, तरी कामाचा परवाना त्याच कंपनीशी बांधलेला असल्यामुळे भत्ता सहसा मिळत नाही. तरीही हा प्रश्न आपला आहे, कारण हे शहर मोटारींवर जगते आणि तो धंदा बसला की कोणाचाच पगार सुरक्षित राहत नाही. माझे म्हणणे असे की मंदीत भत्त्याची मुदत किती वाढवायची, हे राजकारण्यांच्या मर्जीवर सोडू नये. बेकारीचा दर चढला की ती कायद्यानेच वाढावी आणि दर उतरला की आपोआप कमी व्हावी.

2009 मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी पाठोपाठ दिवाळखोरी पत्करली, त्या वर्षी मिशिगनमधला बेकारीचा दर 14 टक्क्यांच्या वर गेला. देशभरात एका रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेकार होते. राज्याचा नेहमीचा भत्ता 26 आठवड्यांत संपायचा. जून 2008 पासून केंद्र सरकारने त्यात तातडीची भर घातली आणि एकूण मुदत जास्तीत जास्त 99 आठवड्यांपर्यंत गेली. पण ही भर थोड्याथोड्या महिन्यांनी पुन्हा मंजूर करून घ्यावी लागे. जून 2010 मध्ये सिनेटमध्ये घोडे अडले. 22 जुलैपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, मुदतवाढ बंद पडली आणि जवळपास 25 लाख लोकांचे पैसे थांबले. मंदी होती तिथेच होती. सिनेटमध्ये मते जुळत नव्हती, एवढेच कारण. थकलेले पैसे नंतर मिळाले खरे, पण घरमालक भाड्यासाठी सिनेटच्या मतदानाची वाट पाहत नाही.

फुकट पैसे मिळत राहिले की माणूस काम शोधत नाही, हा सर्वांत जुना आक्षेप. मिशिगनमध्ये तेव्हा भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त 362 डॉलर होता, 2002 पासून तेवढाच. एवढ्यावर कुटुंब चालवून कोणी सुखाने घरी बसेल, हे मला पटत नाही. अर्थतज्ज्ञ जेसी रॉथस्टाइन यांनी 2011 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार मुदतवाढीमुळे बेकारीच्या दरात फक्त 0.1 ते 0.5 टक्क्याची भर पडली. त्यातही मोठा वाटा अशांचा, जे भत्ता नसता तर हताश होऊन शोधच सोडून बसले असते आणि बेकारांच्या गणतीतूनही सुटले असते. याहून वजनदार आक्षेप हागेडॉर्न, मनोव्स्की आणि मिटमन या अर्थतज्ज्ञांचा आहे. डिसेंबर 2013 अखेर मुदतवाढ बंद झाली आणि सुमारे 13 लाख लोकांचा भत्ता एकदम तुटला. पुढच्या वर्षी रोजगार झपाट्याने वाढला, आणि त्यातल्या सुमारे 18 लाख नोकऱ्यांचे श्रेय या तिघांनी भत्ता बंद होण्याला दिले. हे काम झटकून टाकण्याजोगे नाही. मात्र पुढे चोडोरो-राइश, कोग्लियानीज आणि करबार्बूनिस या अर्थतज्ज्ञांनी वेगळी वाट धरली. बेकारीचा दर मोजताना झालेल्या चुकांमुळे काही राज्यांना जादा आठवडे मिळून गेले होते. तिथे रोजगारावर फारसा परिणाम झालेला त्यांना आढळला नाही. मला हा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो, कारण बेकारी वाढल्यामुळे मुदत वाढली की मुदत वाढल्यामुळे बेकारी, हा गुंता त्यात सुटतो.

आपोआप वाढणारी मुदत 1970 च्या कायद्यात आहेच, असे कोणी म्हणेल. आहे, पण सदोष आहे. तिथे बेकारीचा दर नुसता जास्त असून भागत नाही. तो मागच्या वर्षांपेक्षा चढलेला असावा लागतो. मंदी लांबली की दर वरच स्थिरावतो आणि गरज कायम असताना मुदतवाढ बंद पडते. 2011 मध्ये मिशिगनवर ही वेळ आली. तुलना तीन वर्षे मागच्या दराशी करता यावी म्हणून राज्याने कायदा बदलला, आणि त्याच कायद्याने नेहमीचा भत्ता 26 वरून 20 आठवड्यांवर आणला. केंद्राचे पैसे चालू राहावेत यासाठी पुढे बेकार होणाऱ्या कामगारांचे सहा आठवडे गेले. असा सौदा मला अन्यायाचा वाटतो.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. त्या मंदीत मिशिगनवर केंद्राचे तीन अब्ज डॉलरहून अधिक कर्ज झाले. पण केंद्राचा बेकारी कर 1983 पासून पगाराच्या पहिल्या 7,000 डॉलरवरच आकारला जातो, आणि तेजीच्या वर्षांत गंगाजळी पुरेशी साठवली गेली नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी 1975 मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर लावला. पाऊसपाणी चांगले असलेल्या वर्षीही तो पगारातून कापला जात राहिला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

एप्रिल 2025 पासून मिशिगनमध्ये पुन्हा 26 आठवडे मिळू लागले. भत्त्याची कमाल रक्कम 446 डॉलर झाली. ती टप्प्याटप्प्याने वाढून पुढे महागाईशी जोडली जाणार आहे. राज्याच्या नेहमीच्या भत्त्याचे आठवडे मात्र तेजी असो वा मंदी, जास्तीत जास्त 26 च राहतात. ते बेकारीच्या दराशी जोडण्याचे काम मोटारी खपत असतानाच व्हायला हवे, कारण कारखान्यांना टाळे लागू लागले की पुन्हा मतांची जुळवाजुळव सुरू होईल.