दधीचींच्या अस्थी आणि नूशातेलची लेक

परमवीरचक्र नीट न्याहाळले, तर त्यावर ना कुणा योद्ध्याची प्रतिमा दिसते, ना जिंकलेल्या गडाची. कांस्याचे एक लहानसे वर्तुळ, मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे. मागील बाजूस हिंदी व इंग्रजी नाव आणि दोन कमळे. एवढेच.

हे रेखाटणाऱ्या स्त्रीचा जन्म 1913 साली स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे झाला. वडील हंगेरियन, आई रशियन. नाव ईव्ह इव्हॉन. 1929 मध्ये शामोनी येथे तिची भेट सुटीवर आलेल्या विक्रम रामजी खानोलकर या सँडहर्स्टच्या मराठी छात्राशी झाली. वडिलांचा विरोध होता. तरीही ती भारतात आली आणि 1932 मध्ये लखनऊला विवाह होऊन सावित्रीबाई खानोलकर झाली.

तिची कथा बहुधा ‘परदेशी असूनही’ या शब्दांनी सांगितली जाते आणि तिथेच तिच्यावर अन्याय होतो. सावित्रीबाईंनी संस्कृत, वेदान्त व पुराणे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. स्वातंत्र्यानंतर नव्या शौर्यपदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी सावित्रीबाईंना विचारले ते या व्यासंगामुळेच.

प्रश्न सोपा नव्हता. तोवरचे सर्वोच्च पदक व्हिक्टोरिया क्रॉस. त्यावर ब्रिटिश मुकुट आणि सिंह. मुकुट गेला, पण त्याच्या जागी काय आणायचे? सावित्रीबाईंनी वज्र निवडले. वृत्रवधासाठी दधीची ऋषींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींतून हे शस्त्र घडले, अशी पुराणकथा आहे. म्हणजे शस्त्र इंद्राचे, पण मोल दधीचींचे. विजयापेक्षा देहार्पणाला अग्रस्थान देणारे इतके नेमके प्रतीक दुसरे सापडणे कठीण. (या पदकावर शिवरायांची भवानी तलवारही आहे, असे वारंवार लिहिले जाते. अधिकृत वर्णनात मात्र वज्रे आणि राजमुद्रा यांचाच उल्लेख आहे.)

26 जानेवारी 1950 रोजी पदक स्थापन झाले. ते 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरले गेले. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा, 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडलेले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या जावयाचे बंधू. कारवारकडचे राम राघोबा राणे यांना हा मान जिवंतपणी लाभला. 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर त्यांनी शत्रूच्या माऱ्यात सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली होती.

महावीरचक्र, वीरचक्र आणि अशोकचक्र यांची रेखाटनेही सावित्रीबाईंचीच. 1952 मध्ये पती निवर्तले. पुढे त्या रामकृष्ण मठाच्या कार्यात रमल्या आणि त्यांनी महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. 26 नोव्हेंबर 1990 रोजी त्यांचे निधन झाले.