दादांचं भिंग

जुने शहरातल्या माणसाला जुनी वस्तू टाकवत नाही. आमच्या घरी दर दिवाळीला काही वस्तू माळ्यावरून उतरतात, धूळ झटकून घेतात आणि पुन्हा माळ्यावर जातात. त्यांतच दादांचा रशियन झेनिट कॅमेरा असे. गेल्या दिवाळीत मला दुर्बुद्धी झाली. त्याचं हेलिओस भिंग मी माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवायचं ठरवलं.

दुकानदार म्हणाला, "बांगडी लागन भाऊ!" बांगडी म्हणजे धातूचं नुसतं कडं. आत काच नाही, वायर नाही. झेनिटच्या भिंगाची बैठक फिल्मपासून साडेपंचेचाळीस मिलिमीटरवर असते (मे महिन्यात अकोल्याचा पाराही साधारण तिथंच असतो). माझ्या कॅमेऱ्यात हे अंतर १८. मधले साडेसत्तावीस बांगडी भरून काढते. अशी मापाची बांगडी सासू-सुनेच्या मध्ये बसवता आली असती, तर कितीतरी घरं सुखी झाली असती!

४२ मिलिमीटरच्या आट्यांवर भिंग पिळून बसवलं. कॅमेरा म्हणाला, 'भिंग नाही.' पावशेराचं भिंग नाकावर मिरवतोय, आणि म्हणे नाही! शेवटी मेन्यूत शिरून 'भिंगाशिवायही फोटो काढ बाबा' अशी त्याची समजूत घातली.

पुढचं सगळं हातानं. एका कड्यानं झरोका कितीवर अडवायचा ते ठरवायचं, दुसऱ्यानं तो उघडायचा-मिटायचा. तिसरं कडं अंतराचं. वंगण घट्ट झाल्यामुळे ते जात्यासारखं फिरतं. नव्या कॅमेऱ्यात सोय एकच, जे स्पष्ट दिसतं त्याच्या कडा लाल होतात. दादांना तीही नव्हती. ३६ फोटोंचा रोल ते वर्षभर पुरवत. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येत. कावड पार पुढे निघून जाई, दादा आपले कडंच फिरवत उभे! आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो.

परवा आईला अंगणात बसवलं. नाकाच्या कडा लाल झाल्या की डोळ्यांच्या जात. डोळे साधले की आई हले. पाच मिनिटं झाली. मोबाइलसमोर हटकून डोळे मिटणारी आई भिंगाकडे मात्र एकटक पाहत होती.

"हलू नको गं," मी वैतागून म्हणालो.

"हेच म्हणत तुझे दादा," ती हसली. "त्यांचं होईस्तोवर चुलीवरचं वरण करपे."

मी कळ दाबली. तेव्हा ध्यानात आलं, दादांच्या एकाही फोटोत दादा नाहीत. ते कायम या भिंगाच्या मागे उभे. आई आताही तिकडेच पाहत होती.

फोटो किंचित हुकला होता. आईनं तो चष्मा पुसून पुसून पाहिला.

"अगदी त्यांनी काढल्यासारखा आला रे!"

एवढी दाद दादांनाही या घरात कधी मिळाली नव्हती. भिंग आता माळ्यावर जात नाही.