पाऊणकी

शनिवारी पहाटे तलावेच्या बांधावर कॅमेरा लावून बसले, तर तळं जवळजवळ रिकामं. भरतीची वेळ मोबाइलवर बघूनच निघाले होते, साडेसातच्या सुमाराची. खाडीतला चिखल बुडाला की रोहित पक्षी या तळ्यांवर येऊन उतरतात, हे नवी मुंबईत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या सगळ्यांना पाठ असतं. आठ वाजले. चार शेकाटे, एक वंचक आणि लांबवर थोडे गुलाबी ठिपके. शेजारी उभ्या मुलानं विचारलं, "मावशी, आज आलेच नाहीत का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दशमी ना आज. भांगाचं पाणी."

बोलले मी, पण शब्द आजीचा होता.

आजी दिवाळे गावची कोळीण. शाळेची पायरी चढली नव्हती, पण पाऊणकी तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. दहाचे साडेसात, अकराचे सव्वाआठ, आणि खाडीत आत यायला पाण्याला आणखी थोडा वेळ द्यायचा. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, त्याचाच हा हिशेब. मला शाळेत पाऊणकी नव्हतीच. आजीनं ती माझ्या बोटांवर शिकवली. एकेक पेर, पक्षाची एकेक तिथी.

एक रात्र मात्र सारखी समोर येते. मी सहा वर्षांची असेन. आजोबांची होडी परतली नव्हती. धक्क्यावर अंधार, पायाखाली ओल्या जाळ्यांचा वास. आजी अंगठ्यानं एकेक पेर दाबत होती. म्हणाली, "पानी भरला का येल, बाय." ओहोटीत होडी आत घेता येत नाही, हे मला कुठं ठाऊक? मला वाटलं, आजीच मोजून मोजून पाणी बोलावतेय.

आजीच्या तरुणपणी इथं रोहितांचे असे थवे नव्हते. शिवडीच्या चिखलात ते मोठ्या संख्येनं दिसू लागले नव्वदच्या दशकात. 1945 साली सलीम अली कच्छच्या रणात त्यांच्या विणीच्या जागी गेले, तेव्हा त्यांनी पक्ष्यांचा अंदाज केला होता सुमारे पाच लाख. पाच लाख! आजीच्या गोष्टीत हा आकडा कशाला, असं कुणी म्हणेल. पण अंधारात पेरं मोजणारी आजी आणि रणात पाखरं मोजणारा तो माणूस मला एकाच कुळातले वाटतात.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये झालं, 2022 मध्ये रामसर यादीत गेलं. आनंदच आहे. पण पाखरू नकाशातली हद्द पाहत नाही. भरतीत खाडी बुडाली की त्याला टेकायला तळं लागतं आणि त्या तळ्याची खाडीकडची वाट उघडी लागते. ती बुजली की पाणी कुजतं, शेवाळ माजतं. अशा वेळी माझा जीव तुटतो. आणि उडता थवा टिपायचा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही. ते पाखरू दमून टेकलेलं असतं.

शनिवारी वेळ मोबाइलनं बरोबर सांगितली होती. पाण्याचा जोर मी बघितलाच नाही. अष्टमीच्या पुढेमागे भांग, पाणी चढतं ते थोडंच. खाडीत चिखल उघडा राहिला असणार आणि पाखरं तिकडेच माना खाली घालून, उलट्या चोचीनं गाळत बसली असणार. पोटभर खाऊ देत.

रविवारी एकादशी. तरी गेले. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. सव्वाआठ होऊन गेले, तसं तिवरांच्या मुळांमधून पाणी आत यायला लागलं, आवाज न करता, आधी काळी ओल, मग चकाकी. निवट्या टुणकन उडी मारून वर सरकत होत्या. माझा अंगठा नकळत बोटांवर फिरत होता. बारस, तेरस, चौदस, पौर्णिमा. होळीच्या दिवशी, गुरुवारी, उधाण. आजोबा त्या रात्री पहाटेकडे आले होते, भिजलेले, आणि आजी त्यांना एक शब्दही न बोलता भाकरी थापायला बसली होती. तिचा अंगठा पिठातही थरथरत होता. हे मी आजवर विसरले होते.

शेकाट्यानं एक लाल पाय उचलला आणि पाणी त्याच्या दुसऱ्या पायाशी पोचलं.